बारा मिनिटं शिजलेलं रबर

कुबडीचा आवाज आला की माणसं बाजूला होतात, वाट देतात, चालणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून हळहळतात. कलमबाई खाली बघायची. कुबडीच्या टोकाला जो रबरी बूट बसवलेला असतो, त्याच्याकडे. झिजलाय का, एका अंगाने दबलाय का, ओल्या जागी टेकल्यावर धरतोय का. एकदा एका आजोबांच्या मागे ती दोन चौक चालत गेली. शेवटी तेच थांबले आणि म्हणाले, "काय बाई, माझं काही पडलंय का?"

"नाही आजोबा. पण डावा बूट बदला, सरकतोय तो."

आजोबांनी बिचाऱ्यांनी आपल्या पायातल्या चपलांकडे पाहिलं आणि भराभरा पुढे गेले.

तिचा कारखाना म्हणजे घरामागची एक लांबट शेड. दोन प्रेस, एक जुनी आणि दुसरी त्याहून जुनी. एक कापायचं टेबल, आणि भिंतीला काचेचं कपाट, त्यात ओळीने पत्र्याचे डबे. प्रेसचं काम सांगायला सोपं आहे. कच्च्या रबराचे गोळे साच्यात घालायचे, वरून दाब द्यायचा, खालून आच, आणि ठरलेली मिनिटं थांबायचं. कुबडीच्या बुटाला बारा मिनिटं. आठ मिनिटांत काढला तरी बूट दिसायला तसाच दिसतो, गुळगुळीत आणि चकचकीत, पण पोटात कच्चा राहतो, पावासारखा जाळीदार. वरून कुणाच्या बापाला कळत नाही. कळतं ते कापल्यावर, नाहीतर माणूस पडल्यावर.

कलमबाई हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलं होतं, पाठीमागे. नवं गिऱ्हाईक आलं की ती आधी चहा पाजायची आणि मग दोन पानी करार पुढे करायची. अकरा कलमं. वस्तू कोणती, कशाची, कुठे वापरायची. बदल हवा असेल तर लेखी, फोनवरचं बोलणं धरलं जाणार नाही. प्रत्येक नगाच्या आतल्या अंगाला घाणीचा नंबर, नंबर नसेल तो माल आमचा नाही. एका वेळी शिजून निघालेल्या मालाला शेडमध्ये घाणी म्हणायचे. माल पोचला की पंधरा दिवसांत तपासा. गिऱ्हाइकाने आणून दिलेलं रबर आम्ही साच्यात छापणार नाही, आणि छापलंच तर प्रत्येक पोत्यावर त्याची सही. एका वकीलबाईंनी हा करार लिहून दिला होता आणि बदल्यात आयुष्यभर पुरतील एवढी रबरी पायपुसणी नेली होती.

करारावर सही होण्याआधी आणखी एक गोष्ट व्हायची. ती नमुन्याचा एक नग बनवायची, गिऱ्हाइकासमोर टेबलावर ठेवायची आणि सुरीने उभा कापायची. एक अर्धुक तुमच्याकडे, एक माझ्याकडे. दोन्हींना दोऱ्याने चिठ्ठी, चिठ्ठीवर दोघांच्या सह्या. "बाहेरून असा, आतून असा," ती म्हणायची. "यापेक्षा वेगळा निघाला तर माझा कान धरा. असाच निघाला तर मी तुमचा धरीन."

लोकांना हे जड जायचं. एका बाटल्यांच्या बुचवाल्याने फोन केला, बुचं जरा जाड करा म्हणाला. ती म्हणाली, लिहून पाठवा. तो चिडला, एवढ्याशा गोष्टीला काय लिहायचं, तुमचा आमच्यावर विश्वास नाही का? "विश्वास आहे, म्हणूनच लिहून मागते," ती म्हणाली, "अविश्वास असता तर फोनच उचलला नसता." त्याने धुसफुसत दोन ओळी पाठवल्या. महिन्याभराने तोच बुवा दारात. बुचं बाटलीत जात नाहीत, तुम्ही जाड केलीत! तिने त्याच्याच अक्षरातला कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो दोनदा वाचला, चहा प्यायला आणि नवी ऑर्डर लिहून देऊन गेला. भांडण होता होता राहिलं. दोन ओळींनी दोघांची अब्रू वाचली, आणि गिऱ्हाईकही टिकलं.

हे शहाणपण तिला उपजत नव्हतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, आणि पुढे होता तिचा दादा.

दादा शब्दाचा माणूस. शेड त्याने उभी केली, प्रेस त्याने आणल्या, बुटाचा साचा त्याने स्वतः घासून बनवला. बुटाच्या तळाला सात कडी, आणि तिसऱ्या कड्यावर एक बारीकशी खाच, तिथे त्याची कानस सटकली होती. कागद म्हटला की दादा हसायचा. "कागद काय, फाटतो. जीभ फाटते का?"

बावीस वर्षांपूर्वी एका घाऊक व्यापाऱ्याने त्याच्याकडे रबराची पोती पाठवली. दवाखान्यांना सामान पुरवणारा मोठा व्यापारी. माल माझा, घडणावळ तुझी, चार हजार बूट, सहा दिवसांत. पोत्यांसोबत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. दादाने चिमूटभर रबर बोटांत चुरडलं आणि फोन लावला. ती समोर डबा उघडून बसली होती. तिने जे ऐकलं ते दादाचं बोलणं. "यात खडू फार आहे हो. हात पांढरा होतोय. ओल्या फरशीवर सरकेल." मग तो थांबला. मग म्हणाला, "बरं. तुम्ही म्हणता तर." पलीकडून काय आलं ते तिने ऐकलं नाही. दादाने फोन ठेवून सांगितलं, "म्हणतोय, मी बसलोय ना, तू छाप."

त्या आठवड्यात प्रेसवाला रजेवर होता. वीज येत-जात होती. दादाच्या अंगात ताप होता आणि दोन्ही प्रेसवर तो एकटा. सहाव्या दिवशी चार हजार बूट पोत्यांत भरून गेले.

तीन आठवड्यांनी एका दवाखान्याच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर एक निवृत्त शिक्षिका कुबडीसकट पडली. खुब्याचं हाड मोडलं. ती परत कधी उभी राहिली नाही. व्यापारी सरळ म्हणाला, रबर त्याचंच होतं, मी कशाला देऊ? आणि वर घाईघाईत अर्धवट शिजवलं त्याने. आता दादाकडे दाखवायला काय होतं? पावती नाही, पत्र नाही, पोत्यावर सही नाही, नमुना नाही. शब्द होता, आणि ज्याने तो दिला तोच समोर उभा राहून नाही म्हणत होता. कलमबाईला साक्षीला बोलावलं. समोरच्या वकिलाने एकच विचारलं, "पलीकडचं बोलणं तुम्ही ऐकलंत?" खोटं तिला बोलता आलं नाही. ती नाही म्हणाली.

त्या घाणीतले दोन बूट शेडमध्ये उरले होते. ते कापून दाखवू म्हणून दादा उठला, तर त्याच्याच वकिलाने हात धरला. कच्चे निघाले तर? आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घेताय? दादाने सुरी खाली ठेवली. ती सुरी खाली ठेवणं त्याला भोवलं, कोर्टकचेरीपेक्षा जास्त. कारण तोवर त्याला खात्री होती, आणि त्या क्षणापासून ती हलली. कागद नसला की समोरचा फिरतो, हे जगाला माहीत आहे. पण माणूस स्वतःवरच संशय घ्यायला लागतो, हे कुणी सांगत नाही. दोन वर्षांनी दादाने तडजोडीच्या कागदावर सही केली. चूक माझी, असं लिहिलेला. धंद्यातला त्याचा तो पहिला लेखी कागद.

मग त्याचा उजवा पाय लुळा पडला. कुबड्या आल्या, आणि त्यांना त्याने ते उरलेले दोन बूट बसवले. तिने चांगले आणून दिले, त्याने हात लावला नाही. "त्या बाई याच्यावरच चालल्या ना," एवढंच म्हणाला. त्या खडूभरल्या रबराचा आवाज वेगळाच. चांगला बूट मुका असतो. हा टक् वाजायचा, मग मागून पाय घासत यायचा. टक्. घस. टक्. घस. रोज दुपारी चारला घरातून शेडकडे येणाऱ्या बोळातून तो आवाज यायचा आणि दारापाशी थांबायचा. दादा चौकटीला टेकून विचारायचा, "मी लवकर काढले असतील का गं?"

पहिल्यांदा त्याने विचारलं तेव्हा ती गप्प राहिली. फार नाही, तीन-चार श्वास. डोक्यात आकडे फिरत होते. साच्यात आठ नग, दोन प्रेस, बारा मिनिटं शिजायला, तीन भरायला-काढायला, दिवसाचे दहा तास. सहा दिवसांत चार हजार बसत नव्हते. थोडक्यासाठी, पण बसत नव्हते, आणि त्यात वीज गेलेली वेगळीच. मग ती म्हणाली, "नाही रे दादा."

दादाने मान हलवली आणि परत गेला. त्यानंतर तो रोज विचारायचा आणि ती रोज ताबडतोब नाही म्हणायची. पण पहिलं उत्तर एकदाच देता येतं.

दीड वर्षाने दादा झोपेतच गेला. शेड तिच्याकडे आली. आणि दहाव्या-बाराव्या दिवशी, दुपारी चारला, ती टेबलाशी कडा कापत असताना बोळातून आवाज आला. टक्. घस. टक्. घस. दारापाशी येऊन थांबला.

भूतबित ती मानत नव्हती. प्रेस थंड होताना लोखंड वाजतं, तिने स्वतःला सांगितलं. लोखंड टक् वाजतं हे खरं, पण घासत चालत नाही, हेही तिला ठाऊक होतं. प्रेसवाला समोरच उभा होता, त्याला काही ऐकू आलं नाही. तिने कुणाला सांगितलं नाही. अठरा वर्षांत फार झालं तर दहा दिवस असे गेले असतील की चारला आवाज आला नाही. ती उत्तर द्यायची नाही. मान खाली घालून कापत राहायची, आणि आतल्या आत भीतीने गार पडायची.

आता कुणी म्हणेल, एवढं होतं तर ते दोन बूट कापून टाकायचे. दादाच्या कुबड्या वहिनीच्या खोलीत दाराआड उभ्या होत्या, रोज पुसलेल्या. सुरी हातातली. हजारो बूट तिने कापले, तेवढे दोन सोडून. रात्री-अपरात्री नाही, भर दिवसा चारदा ती सुरी घेऊन त्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि वहिनीला औषध घेतलंत का, असं विचारून परत आली. कच्चे निघाले असते तर? मग तो व्यापारी खरा, दादाने सही केलेला कागद खरा, आणि त्या शिक्षिकेचा खुबा दादाच्या माथी. त्यापेक्षा न कापलेला बूट बरा.

मग ते पत्र आलं.

कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, पलंग असं सामान आजाऱ्यांना भाड्याने देणारी एक संस्था होती. शेडमधलं अर्ध्याहून जास्त काम तिचं. पत्रात लिहिलं होतं की एक शिंपी आमची कुबडी वापरताना मोरीपाशी घसरून पडला, त्याचं मनगट मोडलं. बूट तुमचा आहे. सगळा माल परत घ्या, नुकसान भरून द्या, करार रद्द. ती पत्र वाचून स्टुलावर बसली. हे काम गेलं तर शेडला कुलूप. पण तिच्या मनात आलं ते कुलूप नव्हतं. आपल्या हातून कुणी पडलं, हे आलं. प्रेसवाला म्हणाला, "ताई, मी एक घाणी लवकर काढलेली नाही. देवाशपथ."

"शपथ नको," ती म्हणाली. "नंबर बघू."

संस्थेच्या कार्यालयात लांब टेबल होतं. एका बाजूला मॅनेजरबाई, चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेल्या. त्यांच्या शेजारी भांडारपाल, घाम पुसत. कोपऱ्यात तो शिंपी, हात गळ्यात बांधलेला. चूक आपलीच असावी तसा अवघडून बसला होता. मधोमध ताटलीत तो बूट.

कलमबाईने पिशवीतून करार काढला, डब्यातलं अर्धुक काढलं, चिठ्ठीसकट. मग बूट उचलला आणि आत बोट घालून फिरवलं. आत काही नव्हतं. तिने खिडकीकडे धरून पाहिलं. नंबर नव्हता.

"चौथं कलम," ती म्हणाली आणि बूट मॅनेजरबाईंच्या हातात दिला.

बाईंनी चष्मा खाली घेतला, कलम वाचलं, बुटात बोट घातलं आणि भांडारपालाकडे वळल्या. "हा कुठून आला?"

भांडारपाल आधी म्हणाला माहीत नाही, मग म्हणाला आठवत नाही, आणि मग सगळं ओकला. गेल्या महिन्यात बूट संपले होते. नवे यायला आठवडा होता. एका बंद पडलेल्या जुन्या गोदामाचं सामान विकायला निघालं होतं, त्यात बुटांचं एक पोतं मिळालं. "बाई, तळाची कडी तशीच होती हो. मोजून सात. मला वाटलं, यांचेच."

कलमबाईने बूट परत घेतला आणि उलटा केला. सात कडी. तिसऱ्या कड्यावर नखाएवढी खाच.

तिने त्या खाचेवरून अंगठा फिरवला. साचा तोच होता. आजही तोच होता, नंबराची पट्टी तेवढी तिने नंतर बसवलेली. ते गोदाम कुणाचं, हे विचारायची गरज नव्हती. त्या व्यापाऱ्याने चार हजारांतले सगळे खपवले नव्हते. एक पोतं त्याच्या गोदामात बावीस वर्षं पडून होतं, आणि आता पुन्हा एक माणूस पाडून तिच्यासमोर ताटलीत आलं होतं.

मॅनेजरबाई मोकळेपणाने म्हणाल्या, "मग प्रश्नच मिटला. चूक आमची. पत्र आम्ही मागे घेतो, करार चालू राहील. खरं सांगू, हा करार नसता तर मी तुमचं काही ऐकलंच नसतं. या तुम्ही."

खुर्ची मागे सारून उठायचं, एवढंच राहिलं होतं. शेड वाचली होती. अकरा कलमांनी आपलं काम चोख केलं होतं. कलमबाई उठली नाही.

"नववं कलम," ती म्हणाली. "वाद झाला तर नग दोघांसमोर कापायचा."

"पण वाद कुठेय आता? आणि ते तुमच्या मालासाठी आहे. हा तुमचा नाही."

"हा या करारातला नाही. पण आमच्या साच्यातला आहे. माझ्या दादाने काढलेला आहे."

मॅनेजरबाई म्हणाल्या, "अहो, करार तुम्हाला सोडवतोय आणि तुम्ही आपणहून मान पुढे करताय?"

"मला सोडवलं त्याने," ती म्हणाली. "त्याला कुणी सोडवलं नाही."

तिने पिशवीतून सुरी काढली.  रोज शंभर नग कापणारा हात, पण सुरी पहिल्यांदा नुसती घसरली आणि ताटलीवर वाजली. टक्. तिने दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मग तिने बूट डाव्या हाताने गच्च धरला, डोळे मिटले, आणि उभा कापला. दोन अर्धुकं ताटलीत उलगडून पडली. डोळे उघडायला तिला वेळ लागला.

पोट भरलेलं होतं. एक छिद्र नाही, एक बुडबुडा नाही. काठापासून काळजापर्यंत सलग, घट्ट. काळ्यात खडूचे पांढरे ठिपके, रांगोळी सांडावी तसे. रबर दळभद्री होतं. पण बारा मिनिटं शिजलेलं होतं.

"पोतं आणा," ती भांडारपालाला म्हणाली. पोतं आलं. तिने हात घालून वरचा काढला, तळाचा काढला, मधले काढले. एकेक कापत गेली. वीस कापले. विसाच्या वीस शिजलेले.  तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता.

शिंप्याने हळूच विचारलं, "चांगले आहेत का हो?"

"नाही हो भाऊ, वाईट आहेत. फार वाईट आहेत," ती म्हणाली. "पण शिजलेत."

त्याला काही उमगलं नाही. तिने त्याच्या कुबडीला पिशवीतला आपला नंबरवाला बूट स्वतः बसवला, दाबून पाहिला, आणि त्याला टेबलाभोवती एक चक्कर मारायला लावली. उरलेलं पोतं तिथेच, सगळ्यांसमोर कापून टाकायला लावलं. ते परत कुठल्या कुबडीला लागायला नकोत, आणि हे तिने बाईंकडून लिहून घेतलं. मग पहिल्या बुटाचं एक अर्धुक बाईंकडे ठेवलं आणि एक पिशवीत घातलं.

घरी आली तेव्हा वहिनी पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने अर्धुक वहिनीच्या हातावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. पत्र, नंबर, खाच, सुरी. सांगता सांगता आवाज चढत गेला. "शिजलेला आहे, वहिनी! पुरा शिजलेला! दादाने एकही लवकर काढला नव्हता!"

वहिनीने अर्धुकाकडे पाहिलं आणि ते घड्यांच्या बाजूला ठेवलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "पण वन्सं, यात नवं काय? ह्यांनी लवकर कशाला काढले असते?"

"अहो, पण हिशोब बसत नव्हता. दिवसाला दहा तास धरले तर चार हजार होतच नव्हते. मी कितीदा मांडून पाहिला."

"दहा तास कुठले? पहाटे चारला उठून जायचे ते. सहाही दिवस. मी म्हणायची, अहो, ताप आहे अंगात. तर म्हणायचे, बारा मिनिटं म्हणजे बारा मिनिटं, घाई केली तर कच्चे राहतील. मी गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायची कपाळावर, तशीच पट्टी बांधून जायचे."

 कलमबाई म्हणाली, "वहिनी, हे तुम्ही कोर्टात का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं नाही," वहिनी म्हणाली. "ह्यांनी सांगितलं असतं, पण त्या तापातलं त्यांना नंतर काही आठवेनाच. मी सांगायची. तर म्हणायचे, तू बायको आहेस, तू असंच म्हणणार." तिने एक घडी मोडली आणि पुन्हा घातली. "म्हणून तुम्हाला विचारायला यायचे ते. रोज. म्हणायचे, तिला हिशोब कळतो, ती खरं सांगेल."

"मी नाही म्हणाले होते, वहिनी. रोज नाही म्हणाले."

"हो. सांगायचे मला." वहिनी रागाने नाही, आठवून आठवून बोलावं तशी बोलली. "पहिल्या दिवशी आले ते इथेच बसले. म्हणाले, नाही म्हणाली गं, पण जरा थांबून म्हणाली."

बाहेर कुणीतरी बादली सरकवली. कलमबाई पलंगाच्या कडेवर बसली आणि वहिनीच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली, लहान मुलीसारखी, आवाज न आवरता. वहिनीने तिला थांबवलं नाही. बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, "ती चिठ्ठी असते ना तुमची, दोऱ्याची? ती बांधा याला. सह्या दोन लागतात ना?"

दोन लागतात. तिने चिठ्ठीवर लिहिलं: कुबडीचा बूट, रबर गिऱ्हाइकाचं, बारा मिनिटं. खाली सही केली. वहिनीने चष्मा शोधून, एकेक अक्षर जोडत, शेजारी आपली केली. ते अर्धुक कपाटात पहिल्या डब्याच्याही आधी ठेवलं गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती टेबलाशी कडा कापत होती. प्रेसवाल्याने घाणी लावली आणि घड्याळाकडे तोंड करून उभा राहिला. चार वाजले. बोळातून आवाज आला. टक्. घस. टक्. घस. दारापाशी येऊन थांबला.

तिने सुरी खाली ठेवली, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा मान वर करून रिकाम्या चौकटीकडे पाहिलं.

"नाही दादा," ती म्हणाली, न थांबता.

प्रेसवाल्याने वळून विचारलं, "काय ताई?"

"काही नाही. किती झाली?"

"नऊ."

"मग अजून तीन," ती म्हणाली आणि पुढचा बूट हातात घेतला.